दोनदा बोलायचं नाही

"आज कुणीही दोनदा बोलायचं नाही," नानांनी सकाळीच सगळ्या जवानांना बंबासमोर उभं करून बजावलं. "एकदा बोला, स्पष्ट बोला आणि बटण सोडा."

जवान एकमेकांकडे बघत राहिले. दोनदा बोलणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. त्या अग्निशमन केंद्राचे वायरलेस सेट सगळे एकाच खेपेला आलेले आणि एकाच खोडीचे. बोलणाऱ्याचा शेवटचा शब्द ते गिळून टाकायचे. म्हणून शेवटचा शब्द दोनदा म्हणायचा. एक सेटच्या पोटात गेला तरी एक उरतो. मुख्यालयातला ऑपरेटरही या केंद्राशी तसंच बोलायला शिकला होता. बंबाचा ड्रायव्हर, ज्याला सगळे भोंगा म्हणत, मुलगी बघायला गेला आणि "पसंत आहे, आहे" म्हणाला. त्याचे सासरे अजून त्याला उतावळा समजतात.

पण सवय थट्टेतून लागली नव्हती. कापडाच्या गोदामाला आग लागली त्या दिवशी नानांचा धाकटा भाऊ जिन्यापाशी उभा होता. केंद्रात सेटवर त्याची बायको बसली होती. ती म्हणाली, "वर जायचं नाही." त्याला ऐकू आलं, "वर जायचं."

तो गेला.

तेव्हापासून ती त्याच टेबलाशी, त्याच सेटसमोर बसे. दुसऱ्या कुणाला तिथे बसू देत नसे. जवान तिला वहिनी म्हणत.

नव्या सेटसाठी आणि जवानांच्या प्रशिक्षणासाठी सरकारी अनुदान मागून नानांच्या चपला झिजल्या होत्या. या खेपेला मुख्यालयातून एक अधिकारी बाई केंद्र बघायला येणार होत्या. अनुदान मिळालं नाही तर केंद्राला टाळं लागणार, हे वरून सांगूनच ठेवलेलं होतं. मग दरीतल्या आगीला घाट उतरून बंब यायचा, म्हणजे राख विझवायलाच यायचा.

"भाऊजी, बाईंना मी सांगू का सगळं?" वहिनीने विचारलं.

नाना हळू आवाजात म्हणाले, "अगं, खोड कळली तर आजच्या आज सेट बंद करतील. सेट बंद म्हणजे केंद्र बंद, आणि बंद केंद्राला अनुदान देत नाहीत. जुने झालेत, एवढंच सांगू. एवढा एक दिवस कळ काढ."

"मला पुन्हा कुणाला वर पाठवायचं नाही, नाही," ती म्हणाली आणि सेटकडे तोंड करून बसली.

बाई आल्या. प्रात्यक्षिक झालं. नानांनी हुकूमच असे निवडले होते की शेवटचा शब्द गेला तरी काही बिघडू नये. सगळे एकेकदाच बोलले. फक्त भोंग्याच्या तोंडून "पाणी सुरू, सुरू" निसटलं. बाईंनी मान वर करून पाहिलं, तेव्हा नाना घाईघाईने म्हणाले की तो जरा तोतरा आहे. भोंग्याने खाली मान घातली आणि तोतरं होऊन दाखवलं.

जाताना बाईंनी सांगितलं की दरीत मोबाइल लागत नाही, तारेचा फोन डोंगर खचल्यापासून मेलेला, तेव्हा समितीचा निर्णय त्या स्वतः सेटवरून कळवतील. मंजुरी मिळाली तर नवे सेट घेऊन गाडी त्याच दिवशी निघेल.

समितीच्या दिवशी कुणी जेवणाचा डबा उघडला नाही. नाना खोलीत येरझाऱ्या घालत होते. रोज केंद्रात येताना त्यांना सेटसमोरच्या वहिनीच्या खुर्चीकडे बघवत नसे. भोंगा बंबाचा एकच आरसा पुन्हा पुन्हा पुसत होता. दुपार कलली आणि सेट खरखरला.

"वहिनी, मॅडम स्वतः बोलताहेत, बोलताहेत," ऑपरेटर म्हणाला.

मग बाईंचा आवाज आला. दिवसभराच्या बैठकीने बसलेला, थकलेला.

"समितीची बैठक संपली. मी शेवटपर्यंत भांडले. तुमचं अनुदान मंजूर..."

खट् झालं आणि सेट गप्प झाला.

मग भोंग्याने अशी आरोळी ठोकली की त्याचं नाव सार्थ झालं. नाना खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन लहान पोरासारखे रडले.

वहिनी रडली नाही. सेट पुन्हा खरखरायला लागला, तेव्हा तिने वायर उपटली. तो जड खोका छातीशी धरून ती बाहेर आली आणि अंगणातल्या हौदात तिने तो सोडून दिला. बुडबुडे थांबेपर्यंत ती काठाशी उभी होती. तिला अडवायला कुणाचाही हात उठला नाही. जवानांनी आपापले हातातले सेटही काढले आणि मागोमाग पाण्यात टाकले.

मग सगळे गाडीची वाट बघत फाटकाशी जाऊन बसले. नानांनी केंद्रासमोरचा रस्ता स्वतःच्या हाताने झाडला. वहिनीने टेबल पुसून नव्या सेटसाठी जागा केली आणि कितीतरी दिवसांनी केस नीट विंचरले. उन्हं डोंगरामागे गेली. घाटाची वळणं रिकामीच होती.

"येईल हो," भोंगा म्हणाला. "आणि नाना, आता सुटलो आपण. नव्या सेटवर दोनदा बोलायची गरज नाही, नाही."

आपलीच सवय ऐकून तो खो खो हसला. जवान हसले. वहिनीही हसली. नाना हसायला लागले आणि तोंड उघडं ठेवूनच थांबले.

बाई एकदाच बोलल्या होत्या.