चित्राची कडा

बाबांचा जुना संगणक टीव्हीलाच जोडावा लागायचा. तो जाडजूड टीव्ही गेल्या महिन्यात कायमचा बंद पडला, तरी बाबा नवा काही घेऊ देईनात. शेवटी ते बाजारात गेल्यावर मी माझ्या खोलीतली सपाट स्क्रीन आणली, मध्ये कन्व्हर्टर लावला आणि बटण दाबलं.

आमच्या लहानपणी बाबांनी प्रोग्रॅम लिहून काढलेलं चित्र झळकलं. आमचं घर, आणि अंगणात आई, बाबा, ताई, मी.

"अगं बाई, किती स्वच्छ दिसतंय!" ताई म्हणाली. "पण हा पाचवा कोण रे?"

उजव्या कडेला कोणीतरी उभं होतं. अर्धंच दिसत होतं.

"जुना टीव्ही चित्राच्या कडा खायचा," मी म्हणालो. "ही स्क्रीन सगळं दाखवते. तो पहिल्यापासून तिथंच असणार."

"मग बाबा कधी बोलले कसे नाहीत?"

मी प्रोग्रॅम उघडून ओळ न् ओळ वाचला. त्यात चारच माणसं होती. चित्र पुन्हा लावलं. आता पाचवा अख्खा दिसत होता.

तेवढ्यात बाबा आले. हातात भाजीची पिशवी तशीच धरून ते उंबऱ्यातच थबकले. स्क्रीनकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"जोडलास शेवटी," ते म्हणाले. "कडेलाच आहे ना अजून?"

ताईने स्क्रीनकडे बघितलं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "दाराशी आलाय."