पहिल्या बास्केटपर्यंत

बिक्सबी कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलमध्ये नऊ हजार माणसं अजून उभीच होती. आपल्या संघाची पहिली बास्केट पडेपर्यंत बसायचं नाही, ही तिथली जुनी रीत. एरवी मिनिटभरात सगळे बसत. आज समोरच्यांचे अकरा गुण झाले तरी बिक्सबीला भोपळा फोडता आला नव्हता.

टेरेल गेन्स बाकासमोर येरझारा घालत होता. प्रशिक्षक म्हणून या हॉलमधला त्याचा हा पहिलाच सामना. प्रत्येक फेरीत तो एका ठिकाणी अडायचा आणि मागे फिरायचा. तिथे लाकडी जमिनीवर लॉयड बेकमायर यांची सही रंगवलेली होती. कॉलेजला तीनदा देशाचं विजेतेपद मिळवून देणाऱ्या माणसाच्या नावावर बूट ठेवायची त्याची छाती होत नव्हती.

"गेन्स, माझी आई ऐंशीची आहे," वरून कोणीतरी ओरडलं. "तिला बसवणार कधी?"

हशा पिकला. त्यात माया नव्हती.

"कोच, लोकांचे पाय दुखायला लागले," सहायक डोनी पुटपुटला.

"माझेही दुखतायत."

पोरं खेळत होती ती चाल लॉयड यांचीच. सामन्याची सुरुवात त्याच चालीने होईल, हे नेमणुकीच्या वेळी कॉलेजच्या विश्वस्तांनी टेरेलकडून हसत हसत वदवून घेतलं होतं. गावातली शाळकरी पोरंही ती चाल घरासमोर खेळायची. अडचण एवढीच, की आता ती समोरच्यांनाही पाठ होती. चेंडू जिथे जायचा, तिथे त्यांचा माणूस आधीच हजर.

टेरेलने मागे पाहिलं. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीपुढे लॉयड उभे होते. मार्चमध्येच प्रशिक्षकपदावरून निवृत्त झालेले. हात कमरेवर, ओठ घट्ट मिटलेले, नजर मैदानावर. आपण केलेली नासाडी ते मोजतायत, असं टेरेलला वाटलं. त्याने खेळ थांबवून पोरांना जवळ बोलावलं.

"ती चाल सोडा."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. "मग करायचं काय, कोच?" ओटिसने विचारलं.

"मोकळं दिसलं की टाक."

"कुठूनही?"

"कुठूनही."

"आणि चुकलं तर?"

"तर शिव्या मला पडतील. तू टाक."

ओटिसने फार लांबून टाकला. चेंडू कड्याला न शिवता जाळीतून खाली आला, आणि सगळ्या हॉलमधल्या खुर्च्या एकदम वाजल्या.

"बसले बाबा एकदाचे," डोनी म्हणाला.

टेरेल वळला. एक माणूस बसला नव्हता.

लॉयड तसेच उभे होते. म्हणजे ही बास्केट त्यांना मंजूर नाही. आता हे लोकांच्या नजरेत यायला कितीसा वेळ? उद्या नाश्त्याच्या टेबलांवर सामन्याची गोष्ट निघणारच नाही. म्हातारा बसला नाही, एवढंच निघेल. आणि म्हातारा ज्याच्यासाठी बसला नाही, त्याला हे गाव वर्षभरही ठेवून घेणार नाही.

दुसरी बास्केट पडली. तिसरी पडली. टेरेलचं निम्मं लक्ष मैदानावर, निम्मं पाठीमागे. चेंडू समोरच्यांकडे गेला तशी पोरं बचावासाठी डावीकडे सरकली. तिसऱ्या रांगेत लॉयडही पाऊलभर डावीकडे सरकले आणि शेजारच्या बाईच्या गुडघ्याला धडकले. त्यांना ते कळलंही नाही. तळहाताने ते हवा खाली दाबत होते: वाका, अजून वाका.

"ओ काका," त्यांच्या मागे बसलेला, तोंडाला निळा रंग फासलेला एक विद्यार्थी म्हणाला, "बसा की आता. कुठे जरा रंगात येतंय, बघू द्या आम्हाला."

आजूबाजूची दोनतीन माणसं चपापली. टेरेल जागच्या जागी थिजला.

लॉयड दचकले. मागे वळून "सॉरी, सॉरी" म्हणाले. मग खुर्ची आहे ना, हे हाताने चाचपून तिच्या कडेवर टेकले, अर्धवट उठले, पुन्हा टेकले. गुडघ्यांवर ठेवलेल्या हातांचं काय करावं, तेही त्यांना सुचेना.

एकतीस वर्षांत या हॉलमध्ये चालू सामन्यात ते कधी बसलेच नव्हते.