ओट्याचं माप

"ओव्हन काढून टाका," बायको म्हणाली.

किचनवाल्याने कानामागची पेन्सिल काढून कागदावरच्या ओव्हनवर काट मारली. 

"राहू दे, राहू दे," नवरा घाईने म्हणाला. "अगं, लग्न झाल्यापासून ओव्हन ओव्हन करत होतीस ना? होऊ दे खर्च."

"केक खायला आहे कोण घरात? लेक तिच्या संसारात, आणि तुम्हाला गोड वर्ज्य. पैसे काय झाडाला लागलेत?"

जुन्या स्वयंपाकघरात तिघं खुर्च्या दाटीने मांडून बसले होते. सिंकखालच्या कपाटाचं दार गुडघ्याने ढकलल्याशिवाय लागत नव्हतं आणि ओट्याची फरशी मधोमध तडकलेली होती. नवं स्वयंपाकघर करायचं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी लेकीची फी, कधी गळकं छत. "पुढच्या वर्षी नक्की," असं तो म्हणायचा. ती मान डोलवायची आणि दार गुडघ्याने लावायची.

"वहिनी शहाण्या आहेत," किचनवाला म्हणाला. वयाने दोघांच्याच बरोबरीचा, बोलघेवडा माणूस होता. "प्लायवूड म्हणू नका, बिजागऱ्या म्हणू नका, मजुरी म्हणू नका, सगळंच भडकलंय. मागच्या खेपेचा भाव विसरा. आज बयाणा दिलात तर आजचा भाव. पुढच्या आठवड्यात आलात तर मी तुम्हाला ओळखसुद्धा दाखवणार नाही."

नवऱ्याला हसू आलं नाही. त्याला पुढचा आठवडा नकोच होता. तिच्या तपासण्यांचे रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं होतं. ती बाहेर बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. हा उन्हाळा निघाला तर नशीब समजा, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर येऊन त्याने "पित्त आहे, पथ्य पाळायचं," असं ठोकून दिलं. ती "बरं" म्हणाली. जन्मात कधी धड खोटं बोलता न आलेल्या माणसाला एवढं सफाईने कसं जमलं, याचं त्यालाच नवल वाटलं. मग त्याने म्हातारपणासाठी ठेवलेली ठेव मोडली आणि ऑफिसची थकबाकी मिळाली म्हणून तिला सांगितलं. तिने आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट होती. ती तिने डोळ्यांनी पाहावी, चार दिवस का होईना, त्यात वावरावं, एवढंच त्याला हवं होतं.

आणि ही बाई एकेक गोष्ट काढून टाकायला निघाली होती. चार बर्नरची शेगडी नको, दोन पुरेत. कोपऱ्यातलं फिरतं कपाट नको, त्यात वस्तू हरवतात. मोठ्या घागरी-पातेल्यांचा खण कशाला? पाहुणे येतात कुठे आता?

तो रडकुंडीला आला. "अगं, हात आखडता का घेतेस? सगळं मनासारखं करून घे की!"

"मनासारखंच करतेय," ती म्हणाली आणि किचनवाल्याकडे वळली. "कपाटांची दारं मात्र काचेची करा. आत काय आहे ते बाहेरून दिसलं पाहिजे."

"काच महाग पडेल, वहिनी."

"पडू दे. आणि ओट्याचे कोपरे गोल करून द्या."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. आयुष्यभर जिला अंधारातसुद्धा मिठाचा डबा सापडायचा, तिला काचेची दारं हवी होती. कोपरा तिला कधी लागला नव्हता. ठेचकाळत, आपटत फिरायचा तो. पण आजारी माणसाशी वाद काय घालायचा? निदान काहीतरी मागितलं तिने, अशी त्याने मनाची समजूत घातली.

"किती दिवसांत बसेल?" त्याने विचारलं.

"दीड महिना धरा."

"लवकर करा. वरचे पैसे देतो मी."  बायकोने त्याच्याकडे पाहिलं.

हिशेब जमला, बयाणा दिला गेला. किचनवाल्याने नोटा खिशात सारल्या आणि टेप काढली. "आता शेवटचं काम. सगळीकडे एकाच मापाचे ओटे ठोकतात हो लोक, आणि मग जन्मभर कंबर धरून बसतात. माझ्याकडे तसं नाही. रांधणाऱ्याचं कोपर मोजायचं आणि त्याच्या जरा खाली ओटा धरायचा. या वहिनी, भिंतीला टेकून उभ्या राहा."

बायको खुर्चीतून उठली नाही.

"यांचं घ्या," ती म्हणाली.

किचनवाला खो खो हसला. "साहेबांचं? साहेबांना चहा तरी येतो का?"

"पाणी करपवतो मी," नवरा म्हणाला. तोही हसला. किती दिवसांनी तिला थट्टा सुचली, या आनंदात तो उठला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि शाळेतल्या पोरासारखा हात कोपरातून वाकवून धरला. तो तिच्यापेक्षा चांगला हातभर उंच होता. किचनवाल्याने टेप जमिनीवर टेकवली आणि हसत हसत पुन्हा गुंडाळायला लागला.

"थट्टा पुरे आता, वहिनी. या तुम्ही."

"थट्टा नाही करत, भाऊ. यांचंच नीट मोजून घ्या," ती शांतपणे म्हणाली. "माझं या जुन्या ओट्यावर निभेल. नव्यासमोर यांनाच उभं राहायचंय."