मी आलेच

पडेगावच्या बालवाडीत खाऊची सुट्टी झाली, की चार वर्षांचा शिवराज डबा उघडायचा आणि घरच्या वळणानं आधी हाक मारायचा, "या बाई, जेवायला!"

मंजुषाबाई हजेरीतून मान वर न करता म्हणायच्या, "बसा तुम्ही, मी आलेच." झालं, रीत पाळली गेली.

पंधरा दिवसांनी शिवराजची आई दारात येऊन उभी राहिली. "बाई, ह्याचा डबा रोज अर्धा माघारी येतोय. ध्यान असतं का नाय तुमचं?"

बाईंना ते झोंबलं. त्या दिवशी सुट्टीत त्या तडक त्याच्यापुढं गेल्या. डब्यात अर्धी पोळी नीट घडी घालून ठेवलेली.

"मुकाट्यानं संपव ती!"

"ती तुमची हाय," शिवराज म्हणाला. "रोज आलेच म्हणता, अन् येतच नाय."