कपाटातले प्रवाळ

१९६३ साली गुजरातेत ओख्याच्या समुद्रात, ओहोटीला, ऊन तळापर्यंत पोचणाऱ्या गुडघाभर पाण्यात उभी राहून मी जिवंत प्रवाळ पाहिले आणि परतल्यावर शाळेसाठी तसाच तक्ता रंगवला: तपकिरी, शेवाळी, जांभळा. तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गाच्या कपाटातला प्रवाळाचा पांढराशुभ्र तुकडा उचलून दाखवला. “बाई, प्रवाळ असे असते. ही रंगपंचमी कसली? आत्ताच्या आत्ता तक्ता पांढरा करा, नाहीतर सेवापुस्तकात शेरा मारीन.” “साहेब, तो सांगाडा आहे. जीव गेला की रंग जातो.” “मला शिकवता?” मुख्याध्यापकांनी पांढऱ्या रंगाची बाटली माझ्यापुढे ठेवली. तेवढ्यात सारसोळे गावच्या कोळणीची मुलगी कमळी बाकावरून उठली. “सायब, सुका बोंबील बघून वल्या बोंबलाचा रंग सांगाल काय?” वर्ग हसला. साहेबांनी पेन उघडले. मी ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून कपाटाच्या काळ्या फळीवर लिहिले: ‘मेलेले प्रवाळ’.