सत्तेचाळिसावा टाका

सत्तेचाळिसावा टाका सुईवर चढला आणि पाळण्यात बाळ रडू लागलं. सकाळपासून तिसऱ्यांदा मोजणी मोडणार होती. "सत्तेचाळीस, सत्तेचाळीस," असं मोठ्याने घोकत शैलजाने सुया सतरंजीवर ठेवल्या आणि वीस दिवसांच्या लेकाला पदराखाली घेतलं.

थोरल्या लेकीच्या, जुईच्या वेळी स्वेटर, टोपडं, मोजे सगळं आईनेच विणलं होतं. शैलजा नुसती पडून आईची बडबड ऐकायची. या खेपेला आईच नव्हती. नवरा आठवडाभर साईटवर. मालीशवाली बाई आठ वाजताच उरकून जायची. त्यानंतर घरात बोलणं उरायचं ते एकट्या जुईचं.

आज तीही बोलेना. "जुई, दूध देऊ का गं?" उत्तर नाही. "बघ, बाळ कसं चुटूचुटू पितंय." तरी नाही. चार वर्षांची पोर सुयांपाशी मांडी घालून बसली होती आणि भिंतीकडे बघत नुसते ओठ हलवत होती.

"तूही रुसलीस माझ्यावर?" म्हणत शैलजाने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

बाळ निजल्यावर ती लोकरीपाशी येऊन टेकली. आकडा केव्हाच डोक्यातून गेला होता. तिने सुई उचलली मात्र, जुई ओरडली, "सत्तेचाळीस! आई, आता बोलू मी? मघाशी बोलले असते तर सांडलं असतं ना!"

जुईला दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं.

शैलजाने टाके पुन्हा मोजले नाहीत. अठ्ठेचाळिसावा घालता घालता ती म्हणाली, "बोल गं माझे बाई. सगळं बोल."