सव्विसावी प्रत

"ठसा पुसट आला की शाईला नावं ठेवू नका. आधी हात बघा." कॉलेजात ठसे काढायला शिकवणाऱ्या सरांचं हे सांगणं तिने तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. मुलांच्या आळशी हातांना टोमणा असेल, दुसरं काय!

आज सकाळी मात्र तिला हाताचाच संशय होता. नणंदेच्या.

दोघींचं काम साधं होतं. ताईंची चार ओळींची कविता आणि तिचं चित्र, लिनोच्या, म्हणजे कोरता येणाऱ्या मऊ पत्र्याच्या, एकाच तुकड्यावर. कोरायचं तिने, छापायचं ताईंनी. रोलरने शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि लाकडी चमच्याच्या पाठीने तो दाबून घासत जायचं. आधी कविता, मग चित्र. रोज सकाळी तिची लेक छकुली खेळात असेपर्यंत दोन-तीन प्रती. रविवारच्या प्रदर्शनासाठी तीस हव्या होत्या. सव्वीस झाल्या होत्या.

सुकायला दोरीवर टांगलेल्या, लांबून बघितलं तर कविता काळीभोर. चित्र पुसट.

आधी वाटलं, शाई सुकली असेल. मग वाटलं, कागदच खराब. मग कागद, शाई सगळं बाजूला राहिलं आणि नुसत्या ताईच दिसायला लागल्या.

"तुमची कविता मात्र ठसठशीत येते हं, वन्सं." एरवी ती 'ताई' म्हणायची. 'वन्सं' आलं की रागावली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुझं चित्रच नाजूक आहे," ताई म्हणाल्या. "आणि बाई गं, सकाळी सकाळी वन्सं म्हणण्याइतकं काय झालं?"

बरंच झालं होतं, आणि तिने ते सगळं लक्षात ठेवलं होतं. छकुलीचा ताप, खोकला, शिंक टिपून ठेवता ठेवता तिला तशी सवयच लागली होती. ताईंनी छकुलीला कडेवर घेऊन आठवडा झाला होता. परवा पोरीने हात पसरले तर म्हणाल्या, "नको गं राणी, हाताला शाई आहे." शाईचा डबा तेव्हा उघडलासुद्धा नव्हता. कॉफी हल्ली अर्धाच कप मागायच्या. एरवी हीच बाई कप जरा कमी भरला तर "औषध देतेस का गं?" म्हणायची.

म्हणजे कॉफी नकोशी झाली, चित्र नकोसं झालं. भावजयही नकोशी झाली असेल.

ताई हात धुवायला गेल्या. तिने दोरीवरचे सगळे चिमटे काढले आणि प्रती क्रमाने जमिनीवर मांडल्या, एक ते सव्वीस. छकुलीला टेबलाखाली वाटी-चमचा देऊन बसवलं. आज पुरावाच समोर ठेवायचा. बघू काय बोलतात.

पहिल्या पाच छान. सहावीपासून चित्राची कड फिकी. पंधरावीत झाड ओळखू येईना. बाविसावीपाशी ती थांबली, खाली वाकली.

दार उघडंच ठेवते मी,
कुणी आलंच तर म्हणून.
वारा तेवढा येतो,
बसतो, आणि जातो.

बाविसावीत 'जातो' फिका होता. चोविसावीत 'बसतो'सुद्धा. सव्विसावीत शेवटची ओळ अख्खी गेली होती, ओल्या बोटाने पुसावी तशी.

दुसऱ्याच्या चित्रावर कुणी हात आखडता घेईल. पण स्वतःच्या कवितेची शेवटची ओळ?

ती उठली. प्रती तशाच राहू दिल्या. कॉफी केली, ताईंचा कप काठोकाठ भरला आणि त्या येऊन बसल्यावर त्यांच्यासमोर ठेवला.

"अगं, अर्धा म्हटलं होतं ना."

"घ्या आज एवढी."

ताईंनी कपाकडे बघितलं, मग तिच्याकडे. उजवा हात मांडीवरच राहिला. डावा पुढे आला, त्याने कपाचा कान धरला. कप डुचमळला, थोडी कॉफी बशीत सांडली. हात मागे गेला. मग त्यांनी बशी जवळ ओढली, मान खाली घातली आणि कप न उचलताच पहिला घोट घेतला.

टेबलाखालून डोकावत छकुलीने टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, आत्या आपली नक्कल करतेय.

"कधीपासून?" तिने ताईंना विचारलं.

ताईंनी जमिनीवरच्या रांगेकडे नजर टाकली. "सहावीपासून असेल. आधी नुसती बोटं जड वाटायची."

"आणि बोलला नाहीत!"

"बोलले असते तर चमचा काढून घेतला असतास." मग हळूच म्हणाल्या, "चारच राहिल्यात गं. तेवढ्या होऊ देत. मग बघू."

"चार मी काढते. तुम्ही चपला घाला, वन्सं."

तिने छकुलीला काखोटीला मारलं आणि दुसऱ्या हाताने डॉक्टरांना फोन लावला. सव्विसाव्या प्रतीवर पाय पडणार होता, तो तेवढा तिने उचलून पुढे टाकला.

तुमच्याकडेही असेल कुणी आत्या, कुणी काका, हल्ली 'अर्धाच दे' म्हणणारं. उद्या त्यांचा कप काठोकाठ भरा. आणि ठेवून निघून जाऊ नका. समोर बसा.